पासफ्रेज बरोबर असूनही डिस्क उघडत नाही तेव्हा

फोंडा महालातल्या एका देवस्थान समितीचा हिशेब सांभाळणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा. एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क लक्स या लिनक्सवरच्या कुलूपबंदीच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली आहे. ती तयार केली उबुंटूवर, इंग्लंडला असलेल्या भाच्याने चवथीला येताना आणलेल्या लॅपटॉपवर. पावसाळ्यात तो लॅपटॉप बंद पडला. नव्या संगणकाला डिस्क जोडली की ‘नो की अवेलेबल विथ धिस पासफ्रेज’ एवढेच उत्तर येते; पासफ्रेज, म्हणजे डिस्क उघडण्याचा लांब पासवर्ड, तर वहीत लिहून ठेवलेला आहे. जुन्या पावत्यांचा व्हेराक्रिप्ट कंटेनर, म्हणजे आत फाइली ठेवलेली कुलूपबंद फाइल, पेनड्राइव्हवर आहे, तोही उघडत नाही. आणि बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट केल्यापासून कार्यालयातला विंडोज लॅपटॉप सुरू होतानाच ४८ आकड्यांची की मागतो.

तिन्ही दुखणी वेगळी, पण पथ्य एकच: डिस्कवर काहीही लिहू नका. फॉरमॅट नाही, ‘इनिशियलाइझ’ नाही, डिस्क दुरुस्त करणारा कुठलाही प्रोग्राम नाही. आणि एखादी डिस्क अजून एखाद्या संगणकावर उघडलेल्या अवस्थेत असेल, तर तो संगणक बंद न करता आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवा. बाकी सगळे त्यानंतर.

खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच द्यायच्या. बहुतेक अक्षरे लहान, फक्त लक्सडम्पमधला डी, लक्सहेडरबॅकअपमधले एच आणि बी अशी जोडशब्दातल्या पुढच्या शब्दांची आद्याक्षरे मोठी.

आता मुख्य मुद्दा. ‘या पासफ्रेजने एकही की मिळाली नाही’ म्हणजे ‘तुमचा पासफ्रेज चुकला’ असे नव्हे. लक्समध्ये डेटा पासफ्रेजने एन्क्रिप्ट होतच नाही. तो एका यादृच्छिक मुख्य कीने होतो, आणि ती मुख्य की डिस्कच्या सुरुवातीला ‘कीस्लॉट’ नावाच्या कप्प्यात कुलूपबंद असते. तुम्ही टाइप केलेल्या बाइटांवरून प्रोग्राम एक किल्ली घडवतो, कप्पा उघडतो, आत मिळालेली की हेडरमधल्या, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या माहितीतल्या, ठशाशी ताडून पाहतो. जुळली नाही तर संदेश एकच येतो. पासफ्रेजमधले एक अक्षर चुकले तरी तोच, आणि कप्प्यातला एक बिट बिघडला तरी तोच, कारण मुख्य की मुद्दाम ४,००० तुकड्यांत पसरून ठेवलेली असते आणि एका तुकड्यातली चूकही सगळ्याला भोवते. म्हणून शोध दोन दिशांनी करायचा: कळफलकातून नेमके काय जाते आहे, आणि डिस्कवर नेमके काय उरले आहे.

सुरुवात डिस्ककडून, कारण त्याला दहा मिनिटे पुरतात. ‘एलएसबीएलके’ने डिस्कचे नाव पाहा, समजा एसडीबी१. मग लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअपची आज्ञा: ‘सुडो क्रिप्टसेटअप लक्सडम्प /डेव्ह/एसडीबी१’. माहिती आली तर हेडर वाचता येतो आहे. लगेच ‘क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप’ने त्याची प्रत घ्या. लक्स-२, म्हणजे लक्सच्या नव्या आवृत्तीत, ही फाइल सहसा १६ एमबीची होते. पुढचे सगळे पासफ्रेजचे प्रयोग या फाइलवर करता येतात, मूळ डिस्क काढून कपाटात ठेवली तरी चालते: ‘क्रिप्टसेटअप ओपन’ला ‘टेस्ट-पासफ्रेज’ हा पर्याय आणि डिस्कऐवजी फाइलचे नाव द्या. सोबत ‘व्हर्बोज’ द्या, म्हणजे चुकल्यावर क्रमांकही दिसेल. २ म्हणजे पासफ्रेज जुळला नाही, ३ म्हणजे मेमरी अपुरी, ४ म्हणजे डिस्क चुकीची, ५ म्हणजे ती आधीच उघडलेली वा वापरात आहे. लक्सला प्रयत्नांची मर्यादा नाही, तेव्हा ‘तीनदा चुकले, आता कायमचे लॉक होईल’ ही भीती नको. तीन प्रयत्नांनंतर आज्ञा संपते, एवढेच.

लक्सडम्पने ‘वैध लक्स डिव्हाइस नाही’ म्हटले तर पासफ्रेजचा विषयच नाही. कारणे साधी असतात. एसडीबी१ ऐवजी एसडीबी दिले. किंवा क्रिप्टसेटअप २.० च्या आधीचे आहे आणि डिस्क लक्स-२ ची. किंवा डिस्कची पेटी बदलली: काही यूएसबी पेट्या ५१२ बाइटांचे सेक्टर ४,०९६ बाइटांचे म्हणून दाखवतात, त्यामुळे एका पेटीत केलेले पार्टिशन दुसऱ्या पेटीत दिसतच नाही. जुनी पेटी शोधून काढा. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत यूएसबीचे टोक गंजलेले असणे हेही नित्याचे; केबल बदलून ‘डीमेसेज’मध्ये (डी-एम-ई-एस-जी) आय-ओ एरर येतात का पाहा. येत असतील तर ‘स्मार्टसीटीएल’ने पेंडिंग आणि रिअलोकेटेड सेक्टरांचे आकडे वाचा. ते शून्याच्या वर असतील तर ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवा आणि यापुढे हात लावायचा तो त्या प्रतिमेलाच.

हेडर दिसतो आहे, आय-ओ एरर नाहीत, तर आता कळफलक. तुमच्या वर्णनावरून मला दोष इथेच दिसतो.

इंग्लंडहून आलेल्या लॅपटॉपचा कळफलक ब्रिटिश मांडणीचा. आपल्या दुकानांत मिळणारे कळफलक अमेरिकन मांडणीचे, आणि उबुंटू बसवताना ‘इंग्लिश, इंडिया’ निवडले तरी तीही मुळात अमेरिकनच, फक्त रुपयाचे चिन्ह जादा. अक्षरे आणि आकडे दोन्हींत जागच्या जागी, म्हणून फरक लक्षात येत नाही. पण शिफ्टसह २ दाबले की अमेरिकन मांडणीत ॲटचे चिन्ह उमटते, ब्रिटिशमध्ये दुहेरी अवतरण. एंटरजवळच्या अवतरणाच्या कळीवर नेमके उलटे. शिफ्टसह ३ म्हणजे अमेरिकनमध्ये हॅश, ब्रिटिशमध्ये पौंड. ब्रिटिश कळफलकावर हॅशला एंटरला चिकटून स्वतंत्र कळ असते आणि तीच कळ अमेरिकन मांडणीत उलटी तिरकी रेघ देते. पासफ्रेज टाइप करताना पडद्यावर ठिपके दिसतात, त्यामुळे भाच्याने ॲट दाबला असे त्याला वाटले, डिस्कने अवतरण लक्षात ठेवले, आणि वहीत मात्र ॲट लिहिला गेला. वही खरी, डिस्कही खरी.

पोर्तुगालहून आलेले लॅपटॉपही गोव्यात कमी नाहीत, त्यांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे शिफ्टसह २ म्हणजे अवतरण, शिफ्टसह ७ म्हणजे तिरकी रेघ, ॲटसाठी उजवा आल्ट आणि २. संयोगचिन्ह उजव्या शिफ्टच्या शेजारी, जिथे अमेरिकन मांडणीत तिरकी रेघ असते. फ्रेंच कळफलकावर तर ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू यांचीही अदलाबदल आहे.

उपाय: सेटिंग्जमध्ये कळफलकाखाली ‘इंग्लिश, यूके’ मांडणी जोडा, ती निवडा, आणि छापील चिन्हांकडे न पाहता बोटांच्या जुन्या सवयीने तोच पासफ्रेज द्या. मग अमेरिकन मांडणीत ॲटच्या जागी अवतरण, हॅशच्या जागी पौंड व उलटी रेघ, असे एकेक करून पाहा. पासफ्रेजमध्ये दोन चिन्हे असतील तर सगळ्या जोड्या मिळून आठ-दहाच्या वर जात नाहीत. इंटरनेट बंद करून आधी साध्या एडिटरमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा. कॅप्स लॉक आणि बंद असलेला नम लॉक तिथेच पकडले जातात.

एक आडवाट अधिक सोपी निघू शकते. जुन्या लॅपटॉपवर डिस्क जोडताना ‘पासवर्ड लक्षात ठेवा’वर खूण केली होती का? केली असेल तर पासफ्रेज, जसा डिस्कला माहीत आहे अगदी तसा, उबुंटूच्या कीरिंगमध्ये पडून आहे. लॅपटॉप मेला तरी त्याची आतली डिस्क सहसा जिवंत असते. ती यूएसबीने जोडा, वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरातले लपवलेले डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात कीरिंग्ज हे फोल्डर काढा, आणि जुना लॉगिन पासवर्ड वापरून ‘पासवर्ड्स अँड कीज’मध्ये उघडा.

सुरू होतानाच पासफ्रेज मागणारी डिस्क असेल तर आणखी एक पायरी. लॉगिननंतरची मांडणी वेगळी आणि बूटच्या वेळची वेगळी असू शकते. मांडणी बदलल्यावर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला यू पर्याय देऊन चालवले नाही तर बूटचा पडदा जुनीच मांडणी धरून बसतो. ग्रब, म्हणजे उबुंटू सुरू करून देणारा प्रोग्राम, स्वतः पासफ्रेज विचारत असेल तर तो अमेरिकन मांडणीच धरतो. शिवाय ग्रब २.०६ ला लक्स-२ कळते, पण त्यातला आर्गॉन-२ (पासफ्रेजवरून किल्ली घडवण्याची एक पद्धत) प्रकारचा स्लॉट उघडता येत नाही. त्याला पीबीकेडीएफ-२ या जुन्या पद्धतीचा स्लॉट लागतो.

आता मराठीत पासफ्रेज ठेवणाऱ्यांसाठी. देवनागरी पासफ्रेज ही कल्पना छान आहे आणि घातकही. लक्स अक्षरे बघत नाही, बाइट बघते. ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य तीन प्रकारांनी टाइप होऊ शकतो: एकसंध ऱ, म्हणजे यूनिकोड ०९३१, साधा र म्हणजे ०९३० आणि त्याला नुक्ता, ०९३सी, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदी जोडक, २००डी. पडद्यावर तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, बाइट मात्र तीन वेगळे. ॲचे तसेच: एकसंध ०९७२, किंवा अ आणि वर चंद्र. इनस्क्रिप्टवरून लिहिलेला पासफ्रेज फोनेटिक कळफलकावरून लिहिला की असा फसतो. आकडेही बघा, काही मराठी मांडण्या न विचारता देवनागरी अंक देतात. शंका असेल तर तोच शब्द दोन्ही कळफलकांनी दोन फाइलींत लिहून ‘हेक्सडम्प’ने बाइट समोरासमोर ठेवा. सुरू होताना लागणाऱ्या पासफ्रेजमध्ये देवनागरी नकोच.

पासफ्रेजऐवजी की-फाइल वापरत असाल तर एक जुना सापळा. ‘एको’ने फाइल बनवली की शेवटी ओळ संपल्याचे चिन्ह चिकटते, आणि की-फाइल म्हणून दिल्यावर ते चिन्हही किल्लीचा भाग धरले जाते. हाताने टाइप केलेला पासफ्रेज मात्र त्या चिन्हापाशी थांबतो. म्हणजे ‘तेच’ दोन्हीकडे दिले तरी ते तेच नसते. ‘प्रिंटएफ’ने बनवा. विंडोजच्या नोटपॅडमधून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन चिन्हे असतात, कधी सुरुवातीलाही न दिसणारी तीन बाइटांची खूण असते.

वर सांगितलेला क्रमांक ३ (मेमरी अपुरी) आला तर पासफ्रेज चुकीचा नाही. लक्स-२ चा आर्गॉन-२ स्लॉट बनवताना १ जीबीपर्यंत मेमरी ठरवून टाकतो, आणि उघडतानाही तेवढीच लागते. १ जीबीच्या रास्पबेरी पायवर ती डिस्क उघडणार नाही. मोठ्या संगणकावर उघडा आणि कमी मेमरीचा दुसरा स्लॉट जोडा.

कळफलकाच्या सगळ्या शक्यता संपल्या तरच स्लॉट बिघडल्याचा संशय घ्या. लक्स-२ मध्ये हेडरच्या माहितीच्या दोन प्रती असतात आणि त्यांना चेकसम, म्हणजे बिघाड पकडणारा ताळा, असते. कीस्लॉटच्या जागेला मात्र प्रतही नाही आणि चेकसमही नाही. म्हणून लक्सडम्प निर्धास्त दिसतो आणि आतला कप्पा पोखरलेला असू शकतो. लक्सडम्पमध्ये तुमच्या स्लॉटखाली ‘एरिया ऑफसेट’ आणि ‘एरिया लेंग्थ’ बघा; पहिल्या स्लॉटला नेहमी दिसणारे आकडे ३२,७६८ आणि २,५८,०४८ बाइट. हेडरच्या प्रतीतला तेवढाच भाग ‘हेक्सडम्प’ला मोठा सी पर्याय देऊन पाहा. निरोगी स्लॉट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्थहीन गोंधळ. मध्येच ताराचिन्हाची ओळ आली तर तिथे सारख्याच ओळी दुमडल्या आहेत, बहुधा शून्ये. वाचता येणारे शब्द दिसले तर कोणीतरी वर लिहिले आहे. दोन्हींचा अर्थ तो स्लॉट गेला. लक्सडम्पमध्ये दुसरा स्लॉट दिसत असेल तर त्याचा पासफ्रेज आठवा. नसेल आणि हेडरचा जुना बॅकअपही नसेल, तर डेटा मिळणार नाही. मागचे दार नाही. पैसे घेऊन मिळवून देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, मुख्य की कुठून आणणार?

असे वर लिहिले जाते कसे? बहुतेकदा विंडोजमुळे. लक्सची डिस्क विंडोजला जोडली की तो फॉरमॅट करू का विचारतो, कारण त्याला ती रिकामी वाटते. पार्टिशन न करता अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर ‘इनिशियलाइझ’ विचारतो, आणि तेच जास्त वाईट. जीपीटी हा पार्टिशनांचा तक्ता पहिले ३४ सेक्टर, म्हणजे १७ केबी व्यापतो. लक्स-२ च्या हेडरची पहिली प्रत १६ केबीची, दुसरी लगेच पुढे. एका क्लिकमध्ये पहिली पूर्ण आणि दुसरीचे तोंड जाते. आधी पार्टिशन करून मगच त्यावर लक्स बसवावे, ते याचसाठी. पार्टिशनवर झटपट फॉरमॅट झाला असेल तर दुसरी प्रत आणि स्लॉट वाचलेले असू शकतात. डिस्कच्या प्रतिमेवर ‘क्रिप्टसेटअप रिपेअर’ चालवून बघण्यासारखे आहे. मूळ डिस्कवर नव्हे.

पासफ्रेज अर्धवट आठवत असेल तर अंदाज चालवता येतो का? लक्स-२ एका प्रयत्नाला साधारण २ सेकंद लागतील असा बेतलेला असतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ४३,००० च्या आसपास प्रयत्न. गावाचे नाव, वर्ष आणि चिन्ह यांचे काही हजार फरक असतील तर एका रात्रीचे काम. सबंध पासफ्रेजच विसरला असाल तर नाद सोडा.

पेनड्राइव्हवरचा व्हेराक्रिप्ट. त्याचा चुकीचा संदेशच लांबलचक असतो आणि लोक त्यातली फक्त पहिली ओळ वाचतात. पासवर्ड, पीआयएम (पासवर्डसोबतचा ऐच्छिक आकडा), हॅश (इथे किल्ली घडवण्याचे गणित), फाइल वैध नसणे, जुनी पद्धत, सगळे एका संदेशात. जुन्या पावत्या म्हणता, तर कंटेनर व्हेराक्रिप्टच्या आधीच्या ट्रूक्रिप्टच्या काळातला असू शकतो. ट्रूक्रिप्ट मे २०१४ मध्ये बंद झाले आणि व्हेराक्रिप्टने १.२६ पासून त्याचा आधार काढून टाकला. १.२५.९ वापरून, ट्रूक्रिप्ट मोडवर खूण करून पाहा. लिनक्सवर ‘क्रिप्टसेटअप ओपन’ला टाइप ‘टीक्रिप्ट’ देऊनही उघडतो. पीआयएम कधी भरलाच नसेल तर रिकामा ठेवा.

देवनागरी पासवर्ड इथे १.१७ पासून चालतो, पण लांबी बाइटांत मोजली जाते: आधी ६४, १.२४ पासून १२८. देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइटांचे, मात्राही वेगळी मोजायची, म्हणजे जुन्या आवृत्तीत २१ चिन्हांतच मर्यादा संपते. हेडर बिघडला असेल तर माउंटच्या पर्यायांत ‘कंटेनरमधला बॅकअप हेडर वापरा’ आहे. तो फाइलच्या शेवटाकडे असतो, म्हणून फाइल अर्धवट कॉपी झाली असेल तर त्याचा उपयोग नाही. फॅट-३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहतच नाही. आकार मूळ फाइलशी ताडून बघा. आणि हा कंटेनर क्लाउडवरून उतरवला असेल तर तो जुना असू शकतो: व्हेराक्रिप्ट बदल केल्यावरही फाइलची तारीख मुद्दाम तीच ठेवतो, आणि तारखेवर विसंबणारे सिंक नवी प्रत वर चढवतच नाही. तेव्हा आधीचा पासवर्डही देऊन बघा.

विंडोजचा प्रश्न सर्वांत सोपा. बायॉस बदलल्यावर टीपीएम या सुरक्षा चिपला यंत्र ओळखीचे वाटेना, म्हणून बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क-कुलूपबंदी, रिकव्हरी की मागतो आहे. पडद्यावरच्या की-आयडीची पहिली ८ अक्षरे टिपून घ्या आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात त्या आयडीची की शोधा. खाते कोणाचे, हा खरा प्रश्न. लॅपटॉप दुकानदाराने किंवा भाच्याने स्वतःच्या खात्याने सुरू करून दिला असेल तर की त्याच्या खात्यात आहे. कागदावरून टाइप करताना एक ताळा: ६ आकड्यांचे ८ गट, प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, आणि कुठलाही गट ७,२०,८८५ च्या वर नसतो. ८ किंवा ९ ने सुरू होणारा गट दिसला तर तो वाचण्यात चुकलाय. आकड्यांच्या कळा चालत नसतील तर एफ१ ते एफ१० वापरा, एफ१० म्हणजे शून्य. पुढच्या वेळी बायॉस अपडेटच्या आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा.

लक्सची डिस्क एकदा उघडली की त्याच बैठकीत ‘लक्सॲडकी’ने दुसरा पासफ्रेज जोडा: रोमन लिपीतले लहान अक्षरांचे सहा-सात असंबद्ध शब्द, मध्ये मोकळी जागा, चिन्ह एकही नाही. अमेरिकन, ब्रिटिश, पोर्तुगीज, तिन्ही मांडण्यांत ते एकाच कळांवर येतात. तो एकदा ‘टेस्ट-पासफ्रेज’ने तपासून मगच जुना स्लॉट काढा. नंतर हेडरचा नवा बॅकअप घेऊन डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवा, आणि आधीच्या बॅकअपच्या सगळ्या प्रती नष्ट करा, कारण जुना हेडर आणि वहीतला जुना पासफ्रेज ज्याच्या हाती एकत्र लागतील, त्याला ही डिस्क तेव्हाही उघडता येईल.